मिळून येत नाही

"तुमच्या या टेबलाची लांबी किती, मालक?"

त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. औरंगाबादच्या मोजणी कार्यालयात रेकॉर्ड कारकून म्हणून हजर होऊन मला जेमतेम तासभर झाला होता. समोर एक उंच, वाळका माणूस उभा. खाकी पॅन्ट घोट्याच्या वर दुमडलेली, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला पाण्याची छागल. मी म्हणालो, "असेल चार फूट."

"असेल?" त्यांनी वीत लावून टेबल मोजलं. "तीन फूट दहा इंच. तीस वर्षं इथं बसणार आन् लांबी ठाऊक नाय? दोन इंचासाठी आपल्याकडं भाऊ भावाचं डोकं फोडतो."

ऑफिसात त्यांना सगळे जरीबवाले काका म्हणत. जरीब म्हणजे मोजणीची साखळी. निजामाच्या काळचा शब्द, आणि काकाही त्याच काळातले. शाळा उर्दूत झालेली. अठ्ठेचाळीस सालच्या पोलिस ॲक्शननंतर निजाम गेला, पुढं कचेऱ्यांचा कारभार मराठीत आला आणि जुने कागद आमच्यासारख्यांना मुके झाले. ते कागद घडाघडा वाचणारे जे दोन-चार जण उरले, त्यांतले हे एक. हिशेब मात्र मनातल्या मनात उर्दूतच करायचे, ओठ हलायचे त्यावरून कळायचं.

या माणसानं आयुष्यात, माझ्या माहितीप्रमाणे, एकच मोजणी चुकवली. ती आमच्या शेताची. त्या चुकीनं शेजारच्या धनगराची विहीर आमच्या हद्दीत आली, आणि ती त्याला परत मिळावी म्हणून काका मरेपर्यंत खटपट करत राहिले. मिळाली नाही. का मिळाली नाही ते सांगायलाच मी बसलो आहे. पण आधी काका कसे होते ते सांगू द्या. स्वतःबद्दल सांगायची मला घाई नाही.

ऑफिसच्या व्हरांड्यातल्या फरशीत त्यांनी दोन खिळे ठोकून घेतले होते, बरोबर तेहतीस फुटांवर. रोज सकाळी बाहेर पडण्याआधी आपली लोखंडी साखळी ते त्या दोन खिळ्यांमध्ये ताणून बघत. संध्याकाळी परत आले की पुन्हा. उन्हानं लोखंड वाढतं, ओढाताणीनं कड्या लांबतात. बाकीचे मोजणीदार हसायचे. एक जण एकदा म्हणाला, "काका, साखळी काय पळून जाणार आहे का?"

"साखळी बोटभर वाढली ना मालक, तर शंभर साखळ्यांत कोणाचा तरी गोठा जातो."

सगळ्यांना मालक म्हणायचे. साहेबाला, शिपायाला, चहा आणणाऱ्याला, दारात उभ्या राहणाऱ्या भिकाऱ्यालासुद्धा. चेष्टा म्हणून म्हणत की खरंच तसं मानत, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. उजव्या खिशात मूठभर चिंचोके असत. शंभर पावलं झाली की एक चिंचोका डाव्या खिशात. ऑफिसपासून बसस्टँड किती, तिथून सरकारी दवाखाना किती, सगळं चिंचोक्यांत पाठ. मोजणीच्या दिवशी अर्जदाराच्या घरचं पाणीदेखील प्यायचे नाहीत. भाकरी आणि कांदा फडक्यात बांधलेला, पाणी छागलीतलं. एकदा सिल्लोडकडं एका शेताची मोजणी होती. लगतचा एक शेतकरी आला नव्हता, कापूस घेऊन बाहेरगावी गेला होता. काका लिंबाखाली बसून राहिले ते ऊन उतरेपर्यंत. अर्जदार तडफडला, आरडाओरडा केला. काकांनी साखळी गुंडाळली आणि पुढची तारीख देऊन उठले. तो शेजारी हजर नसताना त्यांनी कडीसुद्धा जमिनीला टेकवली नाही.

साखळी उलगडण्याआधी त्यांचं एक भाषण ठरलेलं असे. लोक गोळा झाले की कमरेवर हात ठेवून सुरू करायचे:

"ऐका मालक लोक. मोजणी म्हंजे मालकी नाय. मालकी कागदावर असती, मी फक्त हद्द दाखवतो. नोटीस आली की घरी बसू नका, शेजाऱ्याला बी घेऊन या. जुन्या खुणा तुम्ही दाखवायच्या, मला काय सपनं पडत नाय. खूण हलली असंल तर आत्ताच बोला, उद्या बोंब मारून उपेग नाय. आन् अंगठा उठवायच्या आधी कोणाकडून तरी वाचून घ्या. मोजणारावर इश्वास ठेवू नका. मोजणारा बी माणूसच हाय."

लोक माना डोलवायचे. कोणाच्या कानात काही शिरायचं नाही.

पडेगावला त्यांनी घर बांधलं तेव्हाची गोष्ट तर खात्यात सगळ्यांना पाठ होती. घर उभं राहिलं, वास्तुशांत झाली, पाहुणे जेवून गेले, आणि आठ दिवसांनी काकांनी स्वतःचाच प्लॉट पुन्हा मोजला. मागची भिंत शेजाऱ्याच्या जागेत नऊ इंच निघाली. शेजारी म्हणाला, राहू द्या हो, नऊ इंचांत मी काय ज्वारी पेरणार आहे? काकांनी गवंडी बोलावून भिंत पाडली आणि नऊ इंच आत घेऊन पुन्हा बांधली. बायको महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. "घर लहान झालं ते झालं," ते मला सांगत होते, "पन झोप लागती मालक." मला तेव्हा हसू आलं होतं. आज येत नाही.

आता आमचं शेत.

आमचं गाव कन्नड तालुक्यातलं. शेताच्या पश्चिमेला नाला, पूर्वेला भिवसनची जमीन. भिवसन धनगर. सहा एकर मुरमाड रान, तीस-चाळीस मेंढ्या, आणि त्याच्या बापानं पहार-टिकावानं स्वतः खणलेली विहीर. त्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असे, म्हणून भिवसन एवढ्यातेवढ्या जागेत मिरची-वांगी काढी, दोन पोरींची लग्नं त्याच्यावर झाली. आमच्या नानांना, म्हणजे वडिलांना, पहिल्यापासून वाटायचं की ती कडेची पट्टी आपली आहे. साखर कारखाना सुरू झाला, ज्याच्याकडं पाणी तो ऊस लावू लागला, तसं नानांचं वाटणं वाढत गेलं. शेवटी त्यांनी मोजणीचा अर्ज दिला. तो वर सरकवला मी. नियमात बसत होतं, एवढं म्हणतो आणि पुढं जातो.

मोजणीला काका आले. मी त्यांच्या ऑफिसातला, तरी त्यांनी आमच्या घरचं पाणी घेतलं नाही. मोजणी सुरू करायला एक तरी पक्का जुना दगड लागतो, तिथून साखळी निघते. आमच्या शेताचे दोन दगड कधीच गायब झालेले. तिसरा नाल्याकडच्या कोपऱ्यात होता, शेंदूर फासलेला. भिवसनच्या घराण्याचा तो देव. वर्षातून एकदा ते तिथं नैवेद्य दाखवायला यायचे आणि आम्ही येऊ द्यायचो.

काका प्रत्येक दगडापाशी थांबून विचारायचे, हा कोणी हलवला का? शेंदराच्या दगडापाशी मात्र विचारायचे नाहीत. हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता. नुसता सरकारी दगड लोक बिनदिक्कत उपटतात, कपडे धुवायला घरी नेतात. देव झाला की त्याला कोणी हात लावत नाही. नकाशात नाला त्या दगडाला खेटून दाखवला होता, आणि प्रत्यक्षात तो चांगला चाळीस फूट लांब होता. काकांनी नकाशा पाहिला, नाला पाहिला, दगड पाहिला. म्हणाले, "नाले जागा बदलतात. देव नाय बदलत." आणि साखळी त्या दगडापासून निघाली.

दुपारपर्यंत विहीर आमची झाली. नवी हद्द तिच्याही पलीकडं दहा फूट पडली.

भिवसन तिथंच उभा होता. त्यानं फक्त एकदा विचारलं, "इहीर बी?" काका म्हणाले, "नकाशा तसंच म्हणतो." भिवसननं मान हलवली. सरकारच्या कागदापुढं आपण काय बोलायचं, असा त्याचा चेहरा होता. काकांनी पंचनामा वाचून दाखवला, त्यानं अंगठा दिला. नाना बांधावर तंबाखू मळत उभे होते. ते चकार शब्द बोलले नाहीत.

त्यानंतर दोन वर्षं आम्ही उसात होतो. गावी शेती बघणारा माझा भाऊ भला माणूस, त्यानं भिवसनच्या बायकोला प्यायचं पाणी भरायची मोकळीक दिली होती. ती बाई सासऱ्यानं खणलेल्या विहिरीवर घागर घेऊन यायची आणि आधी भाऊला विचारायची, भरू का? मी सुटीत गावी गेलो की हे बघायचो आणि तोंड फिरवायचो.

एका सकाळी काका ऑफिसात आले आणि व्हरांड्यातल्या खिळ्यांना साखळी लावलीच नाही. सरळ माझ्या टेबलाशी येऊन बसले. आदल्या दिवशी कन्नडच्या बाजारात त्यांना भिवसन भेटला होता. तो उरलेल्या सगळ्या मेंढ्या विकत होता. काकांनी विचारलं, काहून? तो म्हणाला, पानी नाय तर ठिवून काय करू?

"आन् मग तो काय बोलला ठाऊक हाय का, मालक? म्हनला, हे आमच्याच करनीचं फळ हाय. आमी देव हलवला."

पोलिस ॲक्शन झाली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात नाल्याला मोठा पूर आला. काठ ढासळू लागला. देव वाहून जाईल म्हणून भिवसनच्या बापानं दगड काढला, बैलगाडीत घातला, ढोल वाजवत नाल्यापासून चाळीस फूट वर, पूर्वेकडं आणला आणि बकरं कापून पुन्हा बसवला. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. देवाला वाचवलं, एवढंच त्यांना ठाऊक. हा दगड सरकारचा आहे, त्याच्यावरून कोणाची तरी जमीन मोजली जाणार आहे, हे त्या बिचाऱ्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. भिवसनला अजूनही वाटत होतं की जागा सोडावी लागली म्हणून देव रागावला, आणि त्यानं विहीर काढून घेतली.

"मी इचारलं नाय," काका म्हणाले. "जिंदगीभर ज्याला त्याला इचारलं, आन् तिथं इचारलं नाय." हे ते दिवसभर म्हणत होते. मला त्यांची दया आली. खरंच आली, खोटं सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांपुढं कागद ठेवला: माझी मोजणी चुकली आहे. असा कागद त्या ऑफिसात पूर्वी कोणी दिला नव्हता आणि नंतरही दिला नाही. साहेब सरळ माणूस होते. म्हणाले, "अपिलाची मुदत गेली आहे. पण वरून माफ करून घेता येईल. पुरावा हवा. जुन्या मोजणीचं टिपण आणा, त्यात दगडापासून नाला किती लांब, हद्दीपासून विहीर किती लांब ते लिहिलेलं असेल. मी इथं आहे तोवर ते वर पाठवायची जबाबदारी माझी."

टिपण म्हणजे शेताची जुनी आकृती, कुठून कुठं किती अंतर त्याच्या आकड्यांसकट. ती सगळी रेकॉर्डमध्ये, लाल फडक्याच्या बस्त्यांत. आणि रेकॉर्ड माझ्या ताब्यात. काकांचा अर्ज माझ्याच टेबलावर आला.

मी तीन दिवस शोधलं. मनापासून शोधलं, हेही खरं. तिसऱ्या दिवशी एका बस्त्यात वरच सापडलं. कागद पिवळा पडला होता, पण शाई शाबूत. उर्दू आकडे तोवर मला काकांनीच शिकवले होते. दगडापासून नाला सात फूट, आणि विहीर आमच्या हद्दीपलीकडं तीस फूट, भिवसनच्या बाजूला. दुसरं काही लागतच नव्हतं.

ते टिपण त्याच दिवशी साहेबांकडं न्यायचं सोडून मी शनिवारपर्यंत ठेवलं आणि गावी गेलो. नाना ओसरीवर बसले होते. मी विचारलं, "नाना, देव हलवला होता हे तुम्हाला माहीत होतं?"

"म्हंजे? गाडी आपलीच व्हती की. बैल बी आपले. जेवायला बी व्हतो आमी."

"मग मोजणीच्या दिवशी बोलला का नाहीत?"

"मला कोनी इचारलं का?" नाना तंबाखू थुंकले. "त्यानं इचारलं नाय, मी सांगितलं नाय. मी खोटं बोललो का? आन् पुरात नाल्यानं काठाचं रान खाल्लं ते कोनाचं खाल्लं? आपलंच ना? ते कुटून तरी भरून निगायलाच पायजे."

"पण ते भिवसननं का भरायचं?"

 नाना हळू आवाजात म्हणाले, "ऊस उभा हाय. तुजा भाऊ त्या इहिरीवर जगतोय. तुला नोकरी हाय, तुजं पोट भरतं. तू तेवढा शाना होऊ नगस."

सोमवारी मी काकांच्या अर्जावर शेरा मारला: सदर टिपण मिळून येत नाही. रोज दहा कागदांवर मारायचो तोच शेरा, हात जरासुद्धा अडखळला नाही. टिपण माझ्या कपाटात गेलं, जुन्या हजेरीपटांच्या खाली.

काकांनी शेरा वाचला. "नीट बघा मालक," एवढंच म्हणाले. पुढच्या आठवड्यात आले, "मिळालं का?" त्याच्या पुढच्या आठवड्यातही. दर वेळी मी म्हणायचो, शोधतोय काका, दोन हजार बस्ते आहेत. दर वेळी ते मान हलवून जायचे. दीड वर्षानं साहेबांची बदली झाली. नवे साहेब म्हणाले, जुनी मढी उकरू नका.

तेव्हापासून लोक काकांना वेडा म्हणू लागले. सुटीच्या दिवशी, आणि निवृत्त झाल्यावर तर दर बाजाराला, ते एसटीनं कन्नडला जायचे. बांगडीवालीच्या शेजारी गोणपाट अंथरून बसायचे, पुढ्यात जुनी साखळी. येणाऱ्या-जाणाऱ्या शेतकऱ्याला थांबवून सांगायचे: नोटीस आली का? दगड कुठून आला ते घरच्या म्हाताऱ्यांना इचारून ठेवा. शेंदूर बघून फसू नका. देवबी हलतो. कोणी हसायचं, कोणी साखळीचा भाव विचारायचं. एका बाईनं त्यांना भविष्य सांगणारा समजून हात पुढं केला. काकांनी तो हात धरून तिलाही सगळं सांगितलं. मी हे लांबून, गुळाच्या दुकानाआडून पाहिलं आहे. जवळ जायची माझी छाती झाली नाही.

निवृत्तीनंतरही ते माझ्याकडं येत. खिसे रिकामे होते, पावलं मोजणं थांबलं होतं. आधी आठवड्याला, मग महिन्याला. शेवटी आले तेव्हा टिपणाचं विचारलंच नाही. माझ्या पोरांची चौकशी केली, पाणी मागून प्याले आणि गेले. चार महिन्यांनी पडेगावहून निरोप आला. मी मातीला गेलो. खांदा दिला. माझ्यासारख्या माणसालाही खांदा देता येतो, कोणी अडवत नाही.

नाना त्याआधीच गेले होते. मला नोकरीची दोन वर्षं उरली होती. काकांच्या तेराव्यानंतर मी कपाट उघडलं, हजेरीपट बाजूला केले आणि टिपण काढलं. जागच्या जागी ठेवावं म्हणून तो बस्ता सोडला. पूर्वी वरचाच कागद उचलला होता, त्यामुळं बस्त्याच्या मागच्या पुठ्ठ्याकडं माझं लक्ष कधी गेलं नव्हतं. पुठ्ठ्यावर आतल्या कागदांची मराठी यादी चिकटवलेली होती, आणि अक्षर काकांचं होतं. आमच्या शेताचा नंबर यादीत पहिलाच. ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या शिपायाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तुमच्या आधी दोन वर्षं काकाच बसायचे ना इथं, उर्दू बस्त्यांच्या याद्या करायला."

म्हणजे कागद कुठल्या बस्त्यात आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते मला विचारायला येत नव्हते. मला वेळ देत होते. इतकी वर्षं.

मी टिपणाची नक्कल काढली, शिक्का मारला आणि पुढच्या रविवारी भिवसनकडं गेलो. तो म्हातारा झाला होता, दारात बाजेवर बसून होता. त्याचे दोन मुलगे त्याच विहिरीवरच्या उसाच्या तोडीवर गेले होते. त्यानं मला बसायला घोंगडी टाकली. मी कागद त्याच्या हातात दिला. सांगितलं, हे जुनं टिपण, यात तुझी विहीर तुझीच आहे. त्याला वाचता येत नव्हतं, तरी त्यानं कागद दोन्ही हातांनी धरला आणि कपाळाला लावला.

"घावलं म्हना की येकदाचं! काका म्हनायचेच. दर बाजाराला सांगायचे, भिवसन, धीर सोडू नको, तो कारकून लई शोधतोय, भला मानूस हाय, एक दिस आणून दील."



"मंग आता इहीर आमची का, भाऊसाहेब?"

"नाही भिवसन," मी म्हणालो. "उशीर झाला. हा कागद तेव्हा मिळाला असता तर झालं असतं. आता कोणी ऐकणार नाही. नाना गेल्यावर भावानं वाटण्या केल्या, ती पट्टी विकून टाकली, घेणाऱ्याचं नाव लागलं."

 त्यानं कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"जाऊ द्या," तो म्हणाला. "तुमी तरी काय करनार? तुमी तर लई शोधलं."

मी म्हणालो, "हो."